नऊचे तीन

आमचे चिरंजीव बारा वर्षांचे आहेत आणि सध्या त्यांची जहाजबांधणीची गोदी आमच्या दिवाणखान्यात जोरात चालू आहे. अर्थात कॉम्प्युटरवर. त्या खेळात आपली युद्धनौका आपणच बांधायची, तोफा, क्षेपणास्त्रं, रडार, हेलिकॉप्टर हवं ते लावायचं आणि ती समुद्रात सोडायची. २०२५ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी त्याने अशीच एक बोट सजवली. तोफा इतक्या, की डेकवर पाय ठेवायला जागा नाही. पाण्यात सोडली, दोन लाटा आल्या आणि बोट आडवी!

शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, चहा पीत बसले होते. ते खो खो हसले. चिरंजीव हिरमुसले, पण क्षणभरच. त्याने कुठलीशी खिडकी उघडली, लाटांची उंची कमी केली आणि बोट पुन्हा सोडली. आता ती डौलात चालायला लागली.

"बघा आजोबा, झाली ना बरोबर!"

अण्णांचं हसू थांबलं. ते म्हणाले, "बाळा, बोट तीच आहे. तू समुद्र बदललास."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा का आला, ते सांगण्यासाठीच हा लेख. दरवर्षी मंडळाची संपादक मंडळी "या वर्षी तरी काहीतरी लिहा" म्हणून मागे लागतात आणि दरवर्षी मी कामाचं निमित्त सांगून सुटतो. यंदा विषय घरातच सापडला.

अण्णांनी माझगाव डॉकमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून छत्तीस वर्षं काढली. १९६९ साली ते लागले तेव्हा आपल्याकडे बांधलेली पहिली आधुनिक फ्रिगेट, 'आयएनएस नीलगिरी', पाण्यात उतरून वर्षही झालं नव्हतं. ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्या काळी बोटीचा आकार मोल्ड लॉफ्ट नावाच्या भल्यामोठ्या लाकडी जमिनीवर खऱ्या मापाने आखायचे. लहानपणी आमच्या लालबागच्या खोलीत अण्णा खडूने जमिनीवर अशी लांबलचक वळणदार रेघ काढायचे आणि आई पोतेरं घेऊन मागे उभी असायची. मी इंजिनीअर झालो, इंग्लंडमध्ये ऑपरेशनल रिसर्चमध्ये एम.एस्सी. केलं, आयटीत शिरलो आणि पोटापाण्यासाठी जपानला आलो. गेली सतरा वर्षं आम्ही उरायासुला राहतो. डाळ-तांदूळ आणायला नदीपलीकडे निशी-कासाईला आणि पाहुणे आले की डिस्नेलँडला, हा आमचा प्रदक्षिणामार्ग.

अण्णांना मात्र डिस्नेलँड नको होतं. "मिकासा बघायची आहे," म्हणाले. पुढच्या शनिवारी आम्ही तिघे योकोसुकाला गेलो. अॅडमिरल तोगोंची ही ध्वजनौका. २७ मे १९०५ रोजी सुरू झालेल्या त्सुशिमाच्या लढाईत तिने रशियन आरमाराशी सामना केला. आता ती किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये रोवून स्मारक म्हणून ठेवली आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा जिने चढून वर गेले, एका पत्र्यावर हाताने थाप मारली आणि रिव्हेट मोजायला लागले. नातू शेजारी उभा राहून विचारत होता, "आजोबा, बोटीवर किती तोफा लावायच्या हे कोण ठरवतं?"

मंडळी, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. अण्णा म्हणाले, "ड्रॉइंग शेवटी येतं. आधी नौदल सांगतं की बोटीने काय काय करायला हवं. आणि तिथेच मारामारी असते. तोफावाल्याला तोफ हवी, रडारवाल्याला रडार उंचावर हवं, इंजिनवाल्याला जागा हवी, खलाशाला झोपायला बंक हवा. प्रत्येकाचं म्हणणं रास्त. सगळ्यांचं ऐकलं की ती तुझी कालची बोट होते."

मग त्यांनी त्याला नीलगिरीची गोष्ट सांगितली. नीलगिरी ब्रिटिश लिअँडर जातीच्या आराखड्यावर बांधलेली. तिच्यावर एक लहान हेलिकॉप्टर मावायचं. पाणबुडी शोधायला मोठं सी किंग हेलिकॉप्टर हवं, असं नौदलाला वाटलं. त्यासाठी त्याच मालिकेतल्या शेवटच्या दोन नौकांचा, १९८० च्या तारागिरीचा आणि १९८१ च्या विंध्यगिरीचा, मागचा भाग बदलावा लागला. पुढे एकाऐवजी दोन सी किंग हवी झाली, क्षेपणास्त्रंही हवी झाली. तेव्हा मात्र जुन्या आराखड्याला ठिगळं लावून भागेना. आपल्याच नौदलाच्या आरेखकांनी नवी बोट काढली. १० डिसेंबर १९८३ रोजी दाखल झालेली ती 'आयएनएस गोदावरी'. लिअँडर सुमारे ११३ मीटर लांब, ही १२६ मीटर. यंत्रणा मात्र लिअँडरचीच, ३०,००० अश्वशक्तीची, वाफेवर चालणारी. बोट इतकी वाढली तरी वेगात घट झाली ती जेमतेम एका नॉटची.

"म्हणजे एक नॉट देऊन दोन हेलिकॉप्टर घेतली," चिरंजीव म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. हे मूल आपल्यावर गेलं आहे, असं त्यांना सुचवायचं असावं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. हा देवघेवीचा हिशोब करायला आज सिम्युलेशन वापरतात. सिम्युलेशन म्हणजे खोटा समुद्र, खोटी बोट आणि खरे प्रश्न. पूर्वी खोटा समुद्र म्हणजे पाण्याची लांब टाकी असायची. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनीअरने १८७२ साली टॉर्की गावी अशी टाकी बांधून त्यात मेणाच्या छोट्या बोटी ओढून पाहिल्या. टाक्या आजही आहेत. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेतली टाकी तर अर्धा किलोमीटर लांब आहे. पण बोटीचा आकार ठरल्यावर टाकीचा उपयोग. बोट मुळात कशी हवी, हे ठरवायला कॉम्प्युटर लागतो.

समजा प्रश्न असा आहे : पावसाळ्यात अरबी समुद्रात गस्त घालताना हेलिकॉप्टर किती दिवस उडू शकेल? कॉम्प्युटरला त्या समुद्राच्या लाटांची माहिती द्यायची, बोटीची लांबी-रुंदी-वजन द्यायचं आणि हजार वेळा गस्तीवर पाठवायचं. प्रत्येक खेपेला लाटा वेगळ्या. डेक किती डुललं, हेलिकॉप्टर उतरू शकलं की नाही, ते मोजायचं. मग बोट दहा मीटरने लांब करायची आणि पुन्हा हजार खेपा. उडण्याचे दिवस वाढतात, पण वजन आणि खर्चही वाढतो. वेगाचंही तसंच. वेग दहा टक्के वाढवायचा तर ढोबळमानाने तेहतीस टक्के जास्त ताकद लागते. म्हणजे मोठं इंजिन, जास्त इंधन, म्हणजे आणखी वजन! असे शेकडो पर्याय आलेखावर मांडले की एक जागा दिसते, जिच्यापुढे पैसा भरपूर जातो आणि हाती फारसं काही लागत नाही. मागणी तिथे थांबवायची. कॉम्प्युटर बोट बांधून देत नाही, तो फक्त हट्टांची किंमत सांगतो.

इथल्या जपानी नौदलाची 'मोगामी' जातीची नवी फ्रिगेट हे याचं अगदी ताजं उदाहरण. या जातीच्या बोटी २०२२ पासून दाखल होऊ लागल्या. तरुण माणसंच कमी, म्हणून मागणीच अशी होती की बोट थोड्या माणसांत चालली पाहिजे. तिच्यावर सुमारे नव्वद माणसं असतात. नव्वदांत रोजचं काम निभेल, पण एकाच वेळी आग लागली आणि पाणीही शिरलं तर? असले प्रश्न खऱ्या बोटीवर विचारता येत नाहीत. खोट्या बोटीवर हजारदा विचारता येतात. आपल्याकडेही नौदलाच्या आरेखन विभागाने जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीत व्हर्च्युअल रिअॅलिटी केंद्र सुरू केलं. पत्रा कापण्याआधीच बोटीत फिरून बघता येतं. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "आमच्या वेळी पाइप कुठे डोक्याला लागतो हे डोक्याला लागल्यावरच कळायचं."

पण खोटा समुद्र खऱ्यासारखा नसला तर काय होतं, याचे दोन धडे याच देशात मिळाले आहेत. १९३० च्या लंडन करारात मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा आल्या, ६०० टनांपर्यंतच्या लहान नौकांवर मात्र बंधन नव्हतं. मग जपानी नौदलाने लहान टॉर्पेडो बोटींवर मोठ्या विनाशिकेला शोभतील अशी शस्त्रं मागितली आणि आरेखकांनी ती बसवून दिली. त्यातली 'तोमोझुरु' १२ मार्च १९३४ रोजी सासेबोजवळच्या वादळात कलंडली. दाखल होऊन तिला महिनासुद्धा झाला नव्हता. सुमारे शंभर माणसं गेली. वजन वर, बूड हलकं, म्हणजे आमच्या चिरंजीवांचीच बोट.

दुसऱ्या वर्षी, २६ सप्टेंबर १९३५ रोजी, सरावासाठी निघालेला एक ताफा टायफूनमध्ये सापडला. 'हात्सुयुकी' आणि 'युगिरी' या विनाशिकांचे पुढचे भाग तुटून गेले. चौकशीत काय निघालं? बोटीची मजबुती ठरवताना लाटेची उंची तिच्या लांबीच्या विसाव्या हिश्शाइतकी धरायची पद्धत होती. त्या दिवशीच्या लाटा दहाव्या हिश्शाच्या, म्हणजे दुप्पट उभ्या होत्या. गणित चोख होतं, पण गणितातला समुद्र शहाणा होता आणि बाहेरचा वेडा.

आम्हा उरायासुकरांना हे वेगळं सांगायला नको. हे मूळचं कोळ्यांचं गाव. आजच्या शहराचा बराचसा भाग समुद्रात भराव घालून केलेला. ११ मार्च २०११ च्या भूकंपात जमीन कितीतरी वेळ हलत राहिली आणि शहराच्या सुमारे ८५ टक्के भागात वाळूचं पाणी झालं. मॅनहोल जमिनीतून वर आले, घरं कलली, रस्त्यावर करडा चिखल. आमच्याकडे पाणी नाही, संडास बंद. बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहताना मला लालबागची चाळ आठवली होती. डिस्नेलँडच्या पार्किंगमध्येही चिखल आला, पण आतल्या जमिनीला फारसं काही झालं नाही. कारण बांधतानाच तिथल्या वाळूत खोलवर खांब दाबून जमीन घट्ट केली होती. भराव तोच, भूकंप तोच. 'ही जमीन पातळ झाली तर?' हा प्रश्न एका ठिकाणी वेळेवर विचारला गेला होता. १५ एप्रिलला ते उघडलंही.

असो. मिकासा पाहून परतताना गाडीत चिरंजीव झोपले आणि अण्णांनी मला विचारलं, "त्या रविवारी तुझा चेहरा का पडला होता?"

बापाच्या नजरेतून काही सुटत नाही. बारा वर्षं जे मी सौ.लाही पुरतं सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

२०१३ साली एका कंपनीच्या नव्या गोदामाचं सिम्युलेशन माझ्याकडे होतं. ट्रक लावायला किती धक्के हवेत, हा प्रश्न. जपानमध्ये डिसेंबरात भेटवस्तूंचा पूर येतो, म्हणून त्या महिन्यासाठी मी सरासरीच्या १.६ पट माल धरला होता. उत्तर आलं की धक्के कमी पडतात, ट्रक संध्याकाळपर्यंत खोळंबतील. ग्राहकाला हे उत्तर परवडणारं नव्हतं. आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मागचा डिसेंबर अपवादात्मक होता. जरा कमी धर." त्यात थोडं तथ्यही होतं. मी एका चौकोनात १.६ खोडून १.३ लिहिलं. अहवालातला लाल रंग हिरवा झाला. सगळे खूश.

पुढल्या डिसेंबरात ट्रकची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. तीन रात्री तिथली माणसं घरी गेली नाहीत. मला बोलावलं होतं, म्हणून मीही तिथे उभा होतो. गोदामाचे प्रमुख साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. कडाक्याच्या थंडीत ते रांगेतल्या एकेका ट्रकपाशी जात होते आणि ड्रायव्हरसमोर कमरेत वाकून माफी मागत होते. माझ्या चौकोनाची माफी. त्यांना तो चौकोन माहीतही नव्हता. मी काही बोललो नाही. सहा महिन्यांनी नोकरी बदलली आणि घरी सांगितलं की पगार चांगला मिळतोय.

अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मला शिकताना वाचलेली मिडवेची गोष्ट आठवली, ती मी त्यांना सांगितली. १९४२ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला 'यामातो' युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम टेबलावर खेळली गेली. शत्रूच्या विमानांचा हल्ला झाल्यावर पंचांनी फासे टाकले. नऊ बॉम्ब लागले, 'अकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. प्रमुख पंच, रिअर अॅडमिरल उगाकी यांनी निकाल बदलला. नऊचे तीन केले. कागा बुडाली, अकागी वाचली. पुढच्या डावात तर बुडालेली कागाही परत हजर झाली. तिथे पंच म्हणून बसलेल्या ओकुमियांनी हे पुढे फुचिदांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात नोंदवून ठेवलं आहे. महिन्याभराने खऱ्या लढाईत अकागी, कागा आणि आणखी दोन, अशा चार विमानवाहू नौका गेल्या.

"गंमत म्हणजे," मी म्हणालो, "नऊचे तीन करायलाही कारण होतं. मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब खऱ्या लढाईत त्या नौकांना लागला नाही. बुडवलं ते अमेरिकन विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी. आकडा एक वेळ बरोबर केला असेल त्यांनी. पण शत्रूने आपल्याला आधी गाठलं तर काय, हा प्रश्न फाशांनी समोर ठेवला होता, तो आकड्याबरोबर खोडला गेला."

"तुझं १.३ सुद्धा असंच," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. बोट बांधून झाली की तिचा गुरुत्वमध्य किती उंचावर आहे ते मोजतात. शांत पाण्यात, डेकवरची ठरलेली वजनं एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची. बोट जराशी कलते आणि आत टांगलेला लांब लंबक सरकतो. तो किती सरकला ते पट्टीवर वाचायचं. "तीन ठिकाणी तीन लंबक लावायचे. तिघांनी आपापल्या वहीत लिहायचं, दुसऱ्याचं बघायचं नाही. तरुणपणी मला वाटायचं, आमच्यावर विश्वास नाही का यांचा? मग कळलं. वजन जास्त भरलं तर साहेबांना उत्तर द्यायला लागतं, म्हणून प्रत्येकाला मनातून लंबक थोडा कमी सरकलेला हवा असतो. नऊचे तीन करणारा माणूस वाईट नसतो रे, अडचणीत असतो. म्हणून ज्याला आकडा हवा आहे त्याच्या हातात पेन्सिल द्यायची नाही."

शिन-उरायासु आलं. चिरंजीवांना उठवलं.

अण्णा जूनमध्ये परत गेले. जाण्याआधी त्यांच्याबरोबर बसून नव्या 'नीलगिरी'च्या चित्रफिती पाहिल्या. तीही माझगाव डॉकमध्येच बांधलेली, १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झालेली, वजनाला जुनीच्या दुपटीहून अधिक. अण्णा एवढंच म्हणाले, "आता खडू लागत नसेल."

माझ्या कामात मी एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. प्रत्येक सिम्युलेशनच्या अहवालात पहिलं पान गृहीतकांचं. कुठला आकडा काय धरला, कोणी धरला आणि निकाल आल्यावर बदलला असेल तर कोणाच्या सांगण्यावरून बदलला, त्याची सही. पहिल्याच बैठकीत एका ग्राहकाने विचारलं, "हे पान कशाला?" मी म्हटलं, "आमच्याकडे लंबक तीन असतात." त्याला काही कळलं नाही, पण सही केली. त्या गोदामाच्या प्रमुखांनाही मी एक पत्र लिहिलं आहे. मोडक्यातोडक्या जपानीत, दोन पानी. आता ते निवृत्त झाले असतील. पत्ता मिळवायचा आहे, म्हणून पत्र अजून खणात आहे. हा लेख छापून येईपर्यंत ते पोस्टात पडलं पाहिजे, असं सौ.ने बजावलं आहे. तिलाही आता सगळं ठाऊक आहे.

आणि गोदीची खबर? परवा कामावरून आलो तर चिरंजीव स्क्रीनपुढे गंभीर चेहऱ्याने बसले होते. लाटा पुन्हा पहिल्याइतक्या केल्या होत्या. डेकवरच्या दोन तोफा काढल्या होत्या.

"काय रे, आता कशी आहे बोट?"

"जरा बोअरिंग आहे," तो म्हणाला. "पण आजोबांना फोटो पाठवलाय."